बारा एप्रिलची दुसरी ओळ

आज सकाळी कुणीतरी फोनवर दिनविशेष पाठवला: १२ एप्रिल, माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. मी चिडून तो उडवून टाकला. पण तोवर नाकात खडूचा नि ओल्या फडक्याचा वास भरला होता.

माझे वडील, अण्णा, मिरजोळ्याला शिक्षक होते. शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचे. बारा एप्रिलला अंतराळवीराच्या खाली आणखी एक ओळ असायची, 'आज आमची सुमी जन्मली.' पोरं हसायची आणि मी लाजेनं मरायची.

२००१ साली त्याच तारखेला अण्णा रत्नागिरीत हॉस्पिटलात होते. मेंदूच्या झटक्यानंतर ते मला ओळखत नव्हते, तारखा मात्र शाबूत होत्या. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. शेजारच्या खाटेखाली आंबे पिकत होते, पंखा बंद होता, आणि मी वेड्यासारखी तारखा विचारत सुटले होते.

"सोळा एप्रिल?"

"बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी."

"आणि बारा एप्रिल, अण्णा?"

"माणूस अंतराळात गेला."

"त्याच्या खाली काय लिहायचात? आठवा ना!" मी त्यांचा हात गच्च धरला.

ते समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले. मग काकुळतीनं म्हणाले, "खाली ओळ होती गो बाई. कोणी पुसलीन?"

अण्णा मला विसरले म्हणून तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन रडले. आज कळतं, त्या भिंतीवर आम्ही दोघंही मलाच शोधत होतो.