कोपरा कच्चा हाय

काशीरामने खेळ काढला तो चिखलासाठी. पनवेलच्या खाडीकाठी तो मिठागरावर मुकादम. दिवाळी सरली की वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून दगडासारखा करायचा, मगच त्यात खारं पाणी घ्यायचं. घट्ट झाला का, ते काशीराम टाच रोवून बघायचा. अठ्ठेचाळीस साली तुडवायला माणूस मिळेना. मग त्याने गावातले रिकामटेकडे गोळा केले, दोन बाजू पाडल्या. लंगडत पळायचं, समोरच्याने शिवायचं, आणि चारी कोपऱ्यांत टाच मारल्याशिवाय गडी सुटायचा नाही. कोपरेच तेवढे कच्चे राहायचे, म्हणून ती टाच. वाफा फुकटात तयार झाला.

पण मीठ निघालं तरी गडी थांबेनात. 'तुडवणी' गावोगाव गेली, कोरड्या मैदानावर चढली. पंच आले, शिट्टी आली, ढाल आली. काशीराम बघायचा आणि डोकं खाजवायचा. "चिखल नाय, मीठ नाय, मंग तुडवतान कशाला?"

बासष्ट साली पनवेलला अंतिम सामना. एकीकडे त्याचं गाव, दुसरीकडे सुकापूर, म्हणजे लेकीचं, रंभाचं सासर. गुण सारखे. शेवटचा गडी काशीरामचा जावई कमळाकर. कोपऱ्यात त्याची टाच लागली असेल तर सुकापूर जिंकणार, नुसता चवडा लागला असेल तर गाव. भांडण पेटलं.

"खेल ज्याने काढला त्यालाच इचारा!"

पंचांनी काशीरामला हाताला धरून आणलं. गावचा कप्तान बळीराम कानाशी लागला, "काका, चवडा बोला. नायतर गावान पाय ठेवू नका."

पलीकडून विहीणबाई गोदूबाई ओरडली, "सोयरं, टाच बोला! रंभाला नांदवाची हाय ना?"

काशीरामच्या डोक्यात नुसता गाळ. त्याने जावयाचा पाय बघितलाच नव्हता. चौदा वर्षं तो गड्यांचे पाय सोडून खालची जमीनच बघत आला होता. टाच काय, चवडा काय, चिखलात कोण बघतो?

तो कोपऱ्यात गेला आणि सवयीने टाच रोवली. कोपऱ्यात नवी माती टाकलेली, टाच आत गेली.

"कोपरा कच्चा हाय," तो म्हणाला. "तुडवणी सपलीच नाय, मंग जिकल कोन?"

पंचांनी एकमेकांची तोंडं बघितली आणि शिट्टी फुंकली. उन्हं कलेपर्यंत दोन्ही गावं तुडवत राहिली. कोपरे घट्ट झाले तेव्हा लंगडायला कुणात पाय उरला नव्हता. ढाल पंचच परत घेऊन गेले.

घरी बायकोने, मालूने विचारलं, "जिकला कोन?"

"ठाव नाय," काशीराम पाय चोळत म्हणाला. "पन वाफा बेस झायला. आता पानी घेवाला पायजे, ते कुनाच्या ध्यानान नाय."