दोन वारे आणि एक नांगर

मला एक साडू आहे. अजून आहे, याचंच कधीकधी वाईट वाटतं. हा गृहस्थ गोदीच्या हिशेबखात्यात होता. समुद्राशी त्याचा संबंध ऑफिसच्या खिडकीतून येणाऱ्या वासापुरता. पण सासरच्या मंडळींना वाटायचं, याच्या सहीशिवाय भरतीच येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला राहायचो, सासर घाटकोपरला. लाकडाची जहाजं बनवायचा नाद मला नुकताच लागला होता. पहिलंच जहाज, मराठी आरमारातलं गलबत, मी भाऊबीजेला सासऱ्यांना भेट दिलं. नव्या रंगीत टीव्हीशेजारी शोकेसवर ते दिमाखात उभं राहिलं. खळ लावून फुगवलेली शिडं, मागे फडकणारा पत्र्याचा भगवा. सासूबाई त्याला ओवाळायच्याच बाकी होत्या.

साडू चिवड्याची बशी घेऊन जवळ आला.

"साडूभाऊ, वारा कुठून येतोय हो?"

"म्हणजे?"

"शिडं पुढे फुगलीत, म्हणजे वारा मागून. झेंडा मागे उडतोय, म्हणजे वारा पुढून. तुमच्या जहाजाला दोन वारे लागलेत!"

अख्खी खोली हसली. सासरे पोट धरून हसले. माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणीही मलाच आणून द्यावं लागलं. चूक खरी होती. कॅलेंडरवरच्या चित्रांत झेंडा मागेच उडतो, मी तसाच लावला होता. पण चूक खरी असली की अपमान जास्त झोंबतो. त्या दिवसापासून थोरल्या जावयाचं नाव 'दोन वारे' पडलं. मेहुणी दारातून विचारायची, "ताई, दोन वारे घरात आहेत ना गं?"

मी ठरवलं, पुढच्या भाऊबीजेला याच शोकेससमोर, याच माणसांसमोर साडूचं तोंड बंद करायचं. त्याशिवाय तिथला चिवडा घशाखाली उतरणार नव्हता.

दुसरं गलबत मी सुडाने बांधलं. सुडासारखा कारागीर नाही. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात गलबताचं वर्णन सापडलं: पुढची डोलकाठी दणकट, मागची किरकोळ, तिकोनी शीड, आणि वजन कमी राहावं म्हणून बांबूच्या कामट्यांचा डेक. कामट्यांसाठी मी घरातलं सूप फोडलं. सागवानी पट्ट्या वाकवायला प्रेशर कुकरची वाफ धरली. त्या दिवशी वरणाला पॉलिशचा वास आला. दोर म्हणून शिवणाचा दोरा चहात उकळला, म्हणजे जुनाट रंग येतो. दोऱ्याच्या गाठी मारायला बायकोची क्रोशाची सुई घेतली. माहुलला जाऊन होड्याही बघून आलो. तिथून माहिती कमी आणि बोंबील जास्त आणले, पण आणले.

"अहो, एवढी मेहनत माझ्या बाबांसाठी?" बायको एकदा विरघळून म्हणाली.

"त्यांच्यासाठीच," मी म्हणालो, आणि पुढची फासळी ठोकली. जहाजाच्या सांगाड्याला फासळ्याच म्हणतात. प्रत्येक ठोकताना मी साडूची धरून चालत होतो.

पण नुसतं बिनचूक जहाज नेऊन काय होणार? साडू "छान" म्हणून चिवडा खात बसला असता. मला त्याने चुकायला हवं होतं, तेही मोठ्या आवाजात. म्हणून मी सापळा रचला. भगवा पुन्हा मागेच उडवायचा. शिडं मात्र गुंडाळून ठेवायची आणि जहाज नांगरलेलं दाखवायचं. नांगरलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं, तेव्हा झेंडा मागे उडणारच. साडू झेंडा बघून झेप घेईल, मी नांगर दाखवीन, आणि खेळ खलास.

सगळी मदार त्या नांगरावर. तो तर देखणाच हवा. आमच्या बाजारात एक सोनार नवसाचे पाळणे, गाई, पादुका अशा पितळेच्या इवल्या वस्तू करायचा. त्याला म्हटलं, "बोटाच्या पेराएवढा नांगर हवाय. जुन्या पद्धतीचा."

"दोर बांधायला कडी ठेवू?"

"ठेवा."

"फाळ टोकदार करू?"

मला वाटलं, नांगराच्या आकड्याला सोनारी भाषेत फाळ म्हणत असतील. "एकदम टोकदार. रुतला पाहिजे."

"रुतेल की!" तो खुशीत म्हणाला.

भाऊबीजेला सकाळी बायकोने जाता जाता सोनाराकडून पुडी घेतली. मी रिक्षात गलबत मांडीवर घेऊन बसलो होतो, टॉवेलखाली झाकून. घाटकोपरला पोचल्यावर ते शोकेसवर ठेवलं, तिला म्हटलं, "अगं, नांगर तेवढा त्या लोंबत्या दोरीला बांध," आणि तोंड धुवायला गेलो. खरं तर आरशासमोर भाषणाची तालीम करायला गेलो.

बाहेर आलो तर साडू शोकेससमोर उभा. मी जहाजावरचा टॉवेल उचलला. त्याची नजर शिडांवरून झेंड्यावर गेली.

"वाट लागली!" साडू ओरडला. "बाबा, या, या! पुन्हा झेंडा मागे!"

काय गोड क्षण होता तो. सगळे गोळा झाले. मी आवाज मुद्दाम हळू ठेवला.

"साडूभाऊ, शिडं कुठे आहेत?"

"गुंडाळलीत."

"मग जहाज चाललंय का?"

"न... नाही."

"उभं आहे. वारा समोरून आहे. एकच वारा! गोदीत जन्म गेला तुमचा, उभं जहाज ओळखता येत नाही? जरा मान खाली घाला आणि बघा, नांगर टाकलाय!"

साडूने खरोखरच मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली. वर्षभर मी याच दृश्यासाठी जगलो होतो.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "जावईबापू, हा बैलांचा आहे."

पितळेचा, सुबक, टोकदार फाळाचा नांगर दोरीला लटकत होता. सोनाराने हौसेने जूसुद्धा जोडलं होतं.

मी बायकोकडे बघितलं.

"तुम्ही म्हणालात नांगर बांध. मी नांगर बांधला."

"अगं, पण दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना. म्हटलं, वर्षभर सगळं ऐतिहासिकच चाललंय, हेही असेल."

साडूने डोळे पुसले. "वारा एकच आहे, मान्य. चुकलो मी. पण साडूभाऊ, बैल कुठे पोहतायत?"

तो "चुकलो" म्हणाला होता. सर्वांदेखत म्हणाला होता. पण हसण्याच्या त्या गडगडाटात ते माझ्याशिवाय कोणालाही ऐकू गेलं नाही. 'दोन वारे' हे नाव त्या दिवशी सुटलं. दिवाळीच होती, त्यामुळे नवं नाव शोधावं लागलं नाही. तेव्हापासून मी 'बळीराजा'.

पुढे मी जहाजाचा खरा नांगर, चार आकड्यांचा, करून घेतला. दर भाऊबीजेला तो खिशात घालून घाटकोपरला जातो. साडू शोकेसजवळच्या खुर्चीवरून हलला की बदलून टाकायचा, एवढंच काम आहे. पण तो पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. मीही उठत नाही. दोघं समोरासमोर बसून चिवडा खातो, आणि जाताना तो मला आदराने विचारतो, "काय बळीराजा, यंदा पेरणी कशी?"