हेमराजच्या फर्म्याचा बोल्ट

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. कुंदाला, माझ्या बायकोला, तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणून असेल.

गोंदिया जिल्ह्यात, कामठ्याजवळ रस्त्याला लागून माझं सुतारकामाचं दुकान आहे. कुंदाचा धाकटा भाऊ हेमराज तिथं माझ्या हाताखाली काम शिकला. पंचविशीचा गडी, शांत. मी प्रत्येक तुकडा टेप लावून, पेन्सिलीनं खूण करून करवतीच्या मशीनवर कापायचो. काही उणेअधिक निघायचेच. मला ते चालायचं – त्याला चालायचं नाही.

म्हणून त्यानं एक फर्मा बनवला. प्लायचा पाट, त्याखाली मशीनच्या खाचेत सरकणारी सागाची पट्टी, वर ब्लेडला काटकोनात, लाकूड टेकवायला उभी फळी – गाइड. गाइडवर एक ठोकळा, बोल्टनं आवळलेला. लाकूड ठोकळ्याला टेकवायचं, पाट पुढं ढकलायचा – कितीही कापा, लांबी तीच. काटकोन जुळला का हे पाहायला तो एक फळी कापायचा, अर्धा भाग उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि उजेडात धरायचा. फट दिसली की गाइड सोडायची, पुन्हा बसवायची. किती वेळा केलं त्यानं ते! शेवटी उजेड आरपार येईना, तेव्हा मला हाक मारली, "भाऊजी, या ना, पाहा."

मी पाहिलं. चांगलं आहे म्हणालो.

चांगलं होतंच – तिथंच तर दुखलं. गिऱ्हाईक यायचं आणि मलाच विचारायचं, हेमराज कुठं आहे? दुकान माझं आणि विचारणा त्याची. एवढ्यासाठी माणूस असं करतो का? मी केलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला एका नव्या घरात जिन्याच्या कठड्याचं काम मिळालं होतं. सागाचे उभे दांडे, सगळे एकाच लांबीचे. सकाळी हेमराजनं ठोकळा बसवला, पहिला दांडा मोजून खात्री केली आणि घरी जेवायला गेला. मशीनपाशी मी एकटा. बोल्ट ढिला केला, ठोकळा ब्लेडकडे दोन सूत – पाव इंच – सरकवला, पुन्हा आवळला. एखाददुसरा दांडा बिघडेल, त्याच्या लक्षात येईल, जरा जिरेल – असं मनाशी म्हणालो. पण त्याच्या लक्षात कसं यावं? त्याचा त्या फर्म्यावर भरवसा होता. दुपारभर तो कापत राहिला. मी शेजारी रंदा मारत होतो, प्रत्येक दांडा खाली पडताना ऐकत होतो. माझंच लाकूड, माझंच काम. एका शब्दानं थांबवता आलं असतं – नाही थांबवलं.

दुसऱ्या दिवशी बसवायला गेलो तर तो पहिला सोडून एकही दांडा वरपर्यंत पोचेना. घरमालक, गवंडी, शेजारी जमलेले. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "मोजून काऊन नाही पाहिलं बे? खेळणं बनवून राहिला का दुकानात?" हेमराज खाली बसून एकेक दांडा मोजत राहिला.

घरी कुंदा त्याला नाही नाही ते बोलली. "माह्या नवऱ्याचं नाव खराब केलं तू," म्हणाली. ती माझ्यासाठी सख्ख्या भावाशी भांडत होती – आणि मी जेवत होतो.

हेमराज गोंदियाला राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. लाकडाला पुन्हा हात लावला नाही. फर्मा मी नीट करून घेतला, आजही त्याच्यावरच कापतो. लोक सफाईचं कौतुक करतात. मी ऐकून घेतो.

यंदा भाऊबीजेला तो आला. ओवाळणं झाल्यावर अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. खाली पाहत म्हणाला, "भाऊजी, तो बोल्ट माह्याच हातून ढिला राहिला असन. मले माफ करजा."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," म्हणालो, "केलं माफ."