इवायांसाठी कापलेली कोंबडी

लग्न होऊन मी टेंभुर्णीकडच्या त्या गावात आले, तेव्हा घरात माणसं चार आणि कोंबड्या वीस-बावीस होत्या. माणसं म्हणजे सासूबाई, माझा नवरा, नणंद आणि मी. सासरे आधीच वारले होते. नणंदेचं लग्न माझ्या वर्षभर आधी झालेलं, पण चार महिन्यांपासून ती माहेरीच होती. का, ते कुणी बोलत नसे. मी नवी, मी विचारलंही नाही.

कोंबड्या सासूबाईंच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सकाळी खुराड्याचं दार उघडून त्या कण्या टाकायच्या आणि तोंडानं बोलावत एकेक मोजून घ्यायच्या. खुडूक कोंबडी दिसली की टोपल्यात भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवायची, घारीपासून पिल्लं राखायची, मानमोडी आली की मेलेल्या लांब नेऊन पुरायच्या, हे सगळं त्यांचंच. एवढा जीव लावायच्या, पण पाहुणा आला की कोणती कापायची हेही त्याच ठरवायच्या. त्यात त्यांना काही वाटत नसे. कोंबड्या पाळायच्याच त्यासाठी.

कापायचं काम मात्र बाईचं नाही. गावातले मुलाणी चाचा येऊन कापून द्यायचे. ते नसले तर माझा नवरा. दोघंही नसले तर बाया रस्त्यानं जाणाऱ्या कुणा ओळखीच्या पुरुषाला हाक मारायच्या. पुढचं सोलणं, साफ करणं, अंगणातल्या बाहेरच्या चुलीवर शिजवणं आमच्याकडे.

माझ्या लग्नाला चार महिने झाले असतील. तुरी सोंगायचे दिवस होते. नवरा पंपाची मोटार दुरुस्तीला घेऊन जालन्याला गेला होता. सकाळी नऊच्या सुमारास नणंदेचा सासरा, म्हणजे आमचे इवाई, आणि तिचा नवरा अचानक दारात उभे राहिले. तिला न्यायला आले होते.

आत्याबाईंचा चेहरा एकदम उजळला. "या इवाईबुवा, बसा. पोरी, पाणी आण." मग माझ्या मागोमाग घरात येऊन म्हणाल्या, "कोंबडी करावी लागती. आठ महिन्यांनी लोकं दारात आलेत. साधं जेवून गेले तर काय म्हणतील?"

मुलाणी चाचा लेकीकडे गेलेले. गल्लीतले सगळे पुरुष शेतात. पाहुण्यांनाच कापा म्हणावं तर ती मोठी लाज. बाकीच्या कोंबड्या उकिरड्याकडे पांगल्या होत्या. एकच हाताला लागण्यासारखी होती, डाल्याखाली अंडं घालायला बसलेली तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी. आत्याबाईंनी ती काढली, पाय बांधले, आणि तिला हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

"आणा इकडं," मी म्हणाले. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही. चांगली सून दिसायचं असेल.

घरात सुरी नव्हती. विळा दगडावर घासला आणि गोठ्यामागं गेले. चाचांना बघितलं होतं तसं एका पायाखाली पंख घेतले, दुसऱ्याखाली पाय, मान ओढून धरली आणि डोळे मिटले. पण पिसांवरून विळा घसरला. अर्धीच कापली गेली. दचकून मी पाय उचलला तशी ती सुटली, बांधल्या पायांनी फडफडत बैलगाडीखाली गेली. मला गुडघ्यांवर रांगत जाऊन तिला ओढावं लागलं. दुसऱ्यांदा कापताना मी डोळे मिटले नाहीत. मागं वळून बघितलं तर नणंद भिंतीशी उभी होती.

ती आत गेली आणि गरम पाण्याचं पातेलं घेऊन आली. आम्ही दोघी पिसं उपटायला बसलो. ओल्या पिसांचा तो वास मला सहन होईना. ती खालमानेनं म्हणाली, "वयनी, मला न्हाई जायचं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं झंपराची बाही वर सरकवली. दंडावर चटक्यांचे डाग होते, एकाशेजारी एक, जुने, काळे पडलेले.

"आत्याबाईला सांगितलं?"

"सांगितलं. माय म्हणती, सगळ्यांच्याच घरी असतं. तू बोल ना मायशी. आता बोल. ते जेवायच्या आधी."

मी त्या वेळी कोंबडीचं पोट फाडत होते. पित्त फुटलं तर सगळं मटण कडू होतं, एवढंच माझ्या डोक्यात. आत पिवळ्या बलकांची माळ निघाली, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. मी म्हणाले, "आधी हे होऊ दे. मंग बोलू."

तिनं बाही खाली केली. जाळावर कोंबडी भाजून घेतली, हळद चोळली, वाटण वाटलं, रस्सा उकळला. तोवर पाहुणे हात धुऊन पाटावर बसले होते.

जेवताना सासरा म्हणाला, "रस्सा बराबर झाला. पण घरात गडी माणूस तर दिसत न्हाई. कापली कुणी?"

"शेजारच्यानं," आत्याबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

तीनच्या एस.टी.नं ते तिला घेऊन गेले. बोलायचं राहूनच गेलं. खरं तर राहिलं नव्हतं, मी बोलले नव्हते. आत्याबाईंनी त्या कोंबडीचा घास खाल्ला नाही. नवरा आल्यावर कळलं तेव्हा तोही चिडला, पण कशावर, तर "आपल्यात बाईनं कापायची रीत न्हाई" यावर. बहिणीच्या दंडाचं मी त्याला त्या दिवशीही सांगितलं नाही. आठवड्यानं सांगितलं. तो म्हणाला, "आता गेली ना ती. बघू."

दीड वर्षानं ती परत आली, एकटी, हातात पिशवी घेऊन. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं. आत्याबाईंनी ते मनगट बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी स्वतः आत नेली.

पंधरा दिवसांनी तेच दोघं पुन्हा आले. आत्याबाई सवयीनं अंगणात गेल्या. मी मागं जाऊन डाल्यावर हात ठेवला. म्हणाले, "कोंबडी न्हाई. चहासुद्धा न्हाई." आवाज ओसरीपर्यंत गेला असणार. नवरा घरात होता. तो बाहेर आला आणि सासऱ्याला म्हणाला, "आमची बहीण येत न्हाई." खूप बोलणी झाली, शिव्याही झाल्या. पण ते तिच्याविना गेले.

पुढं तिनंच कोंबड्या वाढवल्या. आत्याबाई थकल्यावर गोठ्याला लागून पत्र्याचं शेड घातलं, जाळी ठोकली. रविवारी टेंभुर्णीहून लोक गावरान घ्यायला यायचे, सोलून मागायचे. तिच्या मनगटात जोर नव्हता, म्हणून कापायची मी. गाव पहिल्यांदा हसलं, मग त्यांच्याच बाया कोंबड्या घेऊन माझ्याकडे यायला लागल्या.

बरीच वर्षं एकत्र काम केलं, पण त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नव्हतो. आत्याबाई गेल्यानंतरच्या एका रविवारी मी धीर केला. म्हणाले, "तवा मी बोलायला पाहिजे होतं."

ती पिसं उपटत होती. हात थांबला नाही. "तू बोलली असती तरी मायनं धाडलंच असतं," ती म्हणाली. मला जरा हलकं वाटतंय तोवर पुढं म्हणाली, "पण बोलायला पाहिजे होतं."

मी पुढची कोंबडी पायाखाली घेतली. अजून चार कोंबड्या व्हायच्या होत्या आणि गिऱ्हाईक ओसरीत बसलं होतं.