रेघेत आलेली टपरी

महाडात रस्ता विचारा, दहा जण सांगतील. रस्त्याबद्दल मत विचारा, शंभर जण भांडतील. मी स्वतः त्या शंभरातली, तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. तरी ठेवणार आहे.

गोष्ट आमच्या कॉलेजच्या रस्त्याची. एस.टी. स्टँडकडून येणारा हा रस्ता कॉलेजच्या फाटकाशी असा काही आवळायचा की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर गाडीवाल्यांची एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करून व्हायची, तरी वाट सुटायची नाही. सकाळी पोलादपूरची गाडी आली की पोरापोरींचा लोंढा. त्यातच डोंगरावरच्या वाड्यांतून दुधाच्या किटल्या घेऊन उतरलेली माणसं, सायकली, हातगाड्या आणि मधोमध एखादी म्हैस, जिला कुठंच जायचं नसे.

फाटकाच्या समोर, रस्त्याच्या कडेला, हिरव्या पत्र्याची आमची टपरी होती. वह्या, पेन्सिली, शाईच्या दौती, खोडरबर, परीक्षेच्या दिवसांत पुरवण्या बांधायचा दोरा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होते आणि आई चौथी शिकलेली. मास्तरांच्या बायकोनं वह्यापुस्तकांच्या आसपासच राहायचं, असं तिनं आपलं ठरवून टाकलं आणि टपरी टाकली. माझं कॉलेज, घरातलं तेलमीठ, सगळं त्या चार पत्र्यांतून निघायचं. दुसरं काही नव्हतंच.

टपरीबाहेर तिवईवर आईचा माठ असे. येणारा-जाणारा पाणी पिऊन जाई. रस्त्यापलीकडे किराण्याचं दुकान होतं, त्याचे शेठ मात्र कधी प्यायले नाहीत. तसा माणूस भला. मुलांच्या वह्या आमच्याकडूनच घ्यायचे, आईला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे, पाऊस तिरपा आला तर आमच्या मालावर टाकायला स्वतःची ताडपत्री द्यायचे. पण पाणी नाही. उन्हानं घसा वाळला तरी नोकराला घरी पिटाळतील, आमच्या माठाकडे बघणार नाहीत. आम्ही बौद्ध, ते वाणी. याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. ज्या गावात चवदार तळं आहे, त्या गावात पाण्याचं बोलून दाखवावं लागत नाही. सगळ्यांना सगळं कळतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा नगरपालिकेनं रस्ता नव्यानं करायचं काढलं. रुंद करायचा, एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला फुटपाथ. लोकांनी हरकती आणि सूचना द्याव्यात, मार्चअखेर कॉलेजच्या हॉलमध्ये सभा होईल, अशी दवंडी फिरली. नकाशा पालिकेत लावला होता, पण नकाशा कळतोय कुणाला? शेवटी ओव्हरसिअर वैतागला आणि त्यानं रस्त्यावरच चुन्याच्या दोन रेघा मारून घेतल्या. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत फुटपाथ धरून नवा रस्ता. डोळ्यांनी बघा आणि काय ते बोला.

मग काय विचारता! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ज्याच्या दारातून रेघ गेली नव्हती तो विकासाच्या बाजूचा झाला आणि ज्याच्या दारातून गेली त्याला एकाएकी गावाची परंपरा आठवली. सलूनवाला म्हणाला, रस्ता मोठा केलात तर मोटारी जोरात जातील, माझा वस्तरा हलेल. मराठीचे प्राध्यापक म्हणाले, अरुंद रस्त्यात माणसं जवळ येतात. हे ते रोज रिकाम्या रस्त्यानं, सगळ्यांच्या आधी येऊन सांगायचे. डोंगरावरची दूधवाली म्हातारी आईला म्हणाली, “रस्ता केवढा बी करू दे गो, माझी म्हस मधनंच जानार. तिला कोन सांगनार हाय?” सगळ्या मतांत मला हेच तेवढं खरं वाटलं.

शेठच्या ओट्याची कड रेघेत गेली होती, त्यामुळे विरोधकांचं पुढारपण आपोआप त्यांच्याकडे आलं. आणि आमची टपरी? रेघ तिच्या पाठीमागून गेली होती. म्हणजे कड नाही, कोपरा नाही, अख्खी टपरी नव्या रस्त्यात.

मी पेटले. माझा स्वभावच असा, अजून आहे. सभेत उठून ओव्हरसिअरची कशी बिनपाण्यानं करायची ते मी घरी भिंतीकडे तोंड करून घोकायला लागले. शेठनीही निरोप धाडला, “मास्तरीणबाई, तुम्ही आमच्या बाजूनं उभ्या राहा. विधवा बाईची टपरी उठवतायत म्हटल्यावर पालिकेची बोबडी वळेल.” आई माझं ऐकायची, शेठचंही ऐकायची आणि म्हणायची, “सभा तर होऊ दे.” सकाळी झाडताना ती टपरीमागची रेघ पुसली जाऊ नये म्हणून केरसुणी उचलून पलीकडे टेकवायची. मला तेव्हा तिचा असा राग यायचा!

सभेच्या आधी तळ्यावरचा दिवस आला. ज्यांना त्या तळ्याचं पाणी शिवू देत नव्हते, त्यांनी एके काळी ओंजळी भरून ते प्यायलं. त्या आठवणीनं दर मार्चमध्ये आमची माणसं कुठून कुठून येतात. एस.टी.नं, ट्रकनं आणि कितीतरी चालत. आई त्या दिवशी टपरी उघडायची पण विकायची काही नाही. एका माठाचे चार माठ करायची आणि सकाळपासून पाणी द्यायची. बाजारातली बरीच दुकानं त्या दिवशी फळ्या लावून बसत. शेठ अर्ध्या फळ्या लावत. ओट्यावर गर्दी चढते, पोती सांडतात, असं त्यांचं म्हणणं.

आता यात एक गंमत झाली. तळ्यापाशी दर वर्षी स्वयंसेवक रांगांसाठी चुन्याच्या रेघा मारतात. आमच्या लोकांना ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं: चुन्याची रेघ दिसली की आत चालायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या सकाळी स्टँडकडून लोक आले, त्यांनी कॉलेजच्या रस्त्यावर चुन्याच्या दोन लांब रेघा बघितल्या आणि त्यांना वाटलं, या आपल्याचसाठी मारल्यात!

आणि ते आत चालायला लागले.

मी टपरीच्या फळीवर उभी राहून बघत होते. अगं बाई, काय ते दृश्य! पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, निळे झेंडे, खांद्यावर पोरं, डोक्यावर बोचकी. एवढी माणसं, एवढी माणसं, की मागचं टोक दिसेना. आणि एवढ्या माणसांतलं एकही पाऊल रेघेबाहेर नाही. एक पोर जरा बाहेर गेलं तर पाठीमागून तीन अनोळखी बायांनी हाका मारल्या, “चुन्याच्या आत ये रे! आत ये!” कुणी सांगणारा नव्हता, पोलीस कोपऱ्यावर विडी ओढत होता. दोन्ही बाजूंना रेघेबाहेरची जागा मोकळी राहिली होती. शेठच्या ओट्याची कड रेघेत असूनही तिला धक्का लागणं सोडा, कुणाची सावली पडली नाही. नगरपालिकेला जो रस्ता नकाशावर दाखवता आला नव्हता, तो माझ्यासमोर माणसांनी भरून वाहत होता. ही माझी माणसं आहेत, असं मला वाटलं, आणि इतक्या जोरात वाटलं की डोळे भरून आले.

शेठनी एकेक करत सगळ्या फळ्या काढल्या. मग ओट्यावर येऊन नुसते बसून राहिले, तोंडात सुपारी तशीच.

त्या सगळ्या वाहत्या रस्त्यात खरा अडथळा एकच होता. आमची टपरी.

लोक तिथं येऊन दाटत. रेघेबाहेर तर जायचं नाही, मग टपरीच्या आणि पुढच्यांच्या मधून अंग चोरून निघत. दुपारच्या सुमारास एक म्हातारी आली. बोलण्यावरून लांबची, मराठवाड्याकडची. गर्दीच्या रेट्यात ती पत्र्याच्या कोपऱ्यावर आदळली आणि दंडावर चांगलं ओरखाडलं. आईनं तिला धरून बसवलं, जखम धुतली, पाणी पाजलं. आई म्हणाली, “लय लागलं गो आये? माझाच पत्रा मेला वाटेत आलाय.”

म्हातारी म्हणाली, “असू दे माय. तुजं दुकान हाय, तू कशाला हलशील? आमी वळून जाऊ. आमाला सवय हाय वळून जायाची.”

एवढं बोलून ती उठली आणि रेघेच्या आतून चालायला लागली. आई हातात तांब्या धरून तिच्याकडे बघत राहिली. लोक पाणी मागत होते आणि माझी आई, जिनं पाण्याला कधी कुणाला थांबवलं नाही, ती ऐकतच नव्हती. शेवटी तांब्या मीच तिच्या हातातून घेतला.

सभेला हॉल गच्च भरला होता. नुसती बोलाचीच कढी नि बोलाचाच भात असेल असं मला वाटलं होतं, पण लोक जरा निराळे बोलत होते. रस्ता मोकळा झाल्यावर कसा दिसतो ते त्यांनी बघितलं होतं ना! सलूनवाला वस्तऱ्याचं विसरला. शेठ उठले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, “ओट्याचं मी... बघतो काय ते. पण ज्यांचं पोटच रस्त्यावर आहे त्यांचा विचार व्हावा.” आणि त्यांनी आईकडे हात केला. सगळा हॉल आमच्याकडे वळला. मी उठणार, तेवढ्यात आईनं माझा दंड दाबला आणि स्वतः उभी राहिली.

माझी आई आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. पदर सारखा करून ती म्हणाली, “माझी टपरी रेघेत येतेय. ती मी काढते.”

मला वाटलं, हिला ऊन लागलं.

“माझी काय हरकत नाय,” ती म्हणाली. “सूचना हाय. टपरी हाय त्या जागी फुटपाथच्या कडेला नळ बसवा. माठ एका दिवशी चार भरता येतात, रोज नाय भरता येत. नळ पायजे.”

ओव्हरसिअरनं विचारलं, “कुणासाठी नळ, बाई?”

“रस्त्यानं जाईल त्याच्यासाठी.”

दुसऱ्या कुठल्या गावात हे वाक्य साधं ठरलं असतं. महाडात त्यावर कुणाला पुढं काही विचारता येईना. ओव्हरसिअरनं मान खाली घालून लिहून घेतलं.

घरी येऊन मी आकांडतांडव केलं. “खायचं काय आता? नळाचं पाणी? दुसऱ्यांनी वळून जायचं तर जाऊ दे की! आपल्यासाठी कोण कधी वळलं?” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “म्हणूनच गो.” आणि तव्यावर भाकरी टाकली. माझा राग काही गेला नाही. टपरी मोडायच्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही, मला ते बघवलं नसतं.

पुढं ओढगस्त झाली, ती काही थोडी नव्हती. आई घरातूनच वह्या विकायची, पण फाटकासमोरचं गिऱ्हाईक आमच्या वाडीत आत कशाला येतंय? ती शिवण शिकली, मी शिकवण्या धरल्या. रस्ता झाला, छान झाला, पोरं हसत-खिदळत फुटपाथवरून जायला लागली. नळाचं मात्र नाव नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. आमचं त्याहून कितीतरी लांबलं. मी रोज त्या मोकळ्या जागेवरून कॉलेजात जायची आणि रोज पालिकेच्या नावानं बोटं मोडायची. खरं तर मला आईवरच ओरडायचं असायचं.

आणि मग एका उन्हाळ्यात पाइप आला. छोटा सिमेंटचा खांब, त्याला पितळी तोटी. नारळ नाही, फीत नाही, पालिकेचं कुणी नाही, नुसता प्लंबर. आईला कुणीतरी सांगितलं म्हणून ती शिवण टाकून आली होती, बोटात अंगुस्तान तसंच. मी होते, शेठ ओट्यावरून उतरून आले होते, सलूनवाला, दूधवाली म्हातारी, फाटकातली पाच-सहा पोरं. प्लंबरनं तोटी फिरवली. आधी नुसता वारा फुसफुसला, मग पाणी आलं.

आणि कुणीच पुढं होईना. पाणी सिमेंटवर पडून वाहत होतं आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. पहिलं कोण? आमच्या गावात हा प्रश्न लहान नाही. शेठ माझ्या शेजारीच उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते आता नोकराला हाक मारणार आणि घरी पिटाळणार, असं मला वाटलं.

शेठ म्हणाले, “मास्तरीणबाई, आधी तुम्ही घ्या. जागा तुमची.”

आईनं अंगुस्तान काढून माझ्या हातात दिलं. वाकली, ओंजळ धरली, प्यायली. शेठ वाट बघत थांबले होते. ती बाजूला झाली, तशी त्यांनी धोतर सावरलं आणि त्याच तोटीखाली ओंजळ धरली.

पाणी नव्या पाइपातलं, लालसर, गंजाच्या वासाचं होतं. प्लंबर ओरडत होता, “अहो, थोडं जाऊ द्या, मग प्या!” दोघांनीही त्याचं ऐकलं नाही.