दोन्ही बाजूंनी मीच भांडले

मित्रांनो, आज नव्या वेबसाइटसाठी फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, ठरवायचं होतं. रिॲक्ट घ्यायचं की व्ह्यू, यावर पुण्याच्या ऑफिसात आम्ही दिवसभर भांडायचो. आता जबलपूरला, विजय नगरच्या घरातून एकटीच काम करून राहिले.

मग दोन्ही बाजू मीच मांडल्या, मोठ्याने. रिॲक्टच्या बाजूने जरा जास्तच ओरडले.

तेवढ्यात आई आली. ट्रेमध्ये चहाचे दोन कप.

"काहून गं, मैत्रीण गेली का? मला वाटलं, चलो, कोणीतरी आलं तुझ्याकडे."

"फोनवर होती, आई," मी म्हटलं.

दुसरा कप टेबलावरच थंड झाला.

शेवटी व्ह्यू घेतलं. चुकलं असेल, तर कोणीतरी भांडा ना माझ्याशी.