डिस्काउंटच्या रकान्यातली कळशी

“अठराशे हाती आले, अठराशेचं बिल फाडलं, अठराशेवर जीएसटी भरला. यात चुकलं काय वं?”

मुनीमजींनी बिलबुक माझ्यासमोर आपटलं. इतवारीतलं आमचं भांड्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. शेठजी अगरबत्ती लावत होते. मी प्रोजेक्टची फाईल छातीशी धरून उभी होते. 

मी चिपळूणकडची. शाळा आठवीत सुटली. नवऱ्याला बुटीबोरीच्या कंपनीत काम लागलं म्हणून नागपूरला आले. माहेर इतकं लांब की पोचेपर्यंत दोन दिवस जातात, अडीनडीला इथे आपलं कुणी नाही, म्हणून इथली नोकरी जाण्याची मला फार धास्ती. दुकानात आधी भांडी पुसायची, मग काउंटरवर आले. तेवढ्यात एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंट्स आणि टॅक्सचा सहा महिन्यांचा कोर्स निघाला. अगदी पहिल्या पायरीचा. दहावीची अट नव्हती. शेठजींना विचारायला मला आठवडा लागला. ते एका वाक्यात म्हणाले, “रोज एक घंटा आधी निघत जाय, पगार नाही कापत.”

म्हणून तर त्या सकाळी बोलणं जड जात होतं.

कोर्सला आम्हाला बोरकर मॅडम शिकवायच्या. त्यांचं रामदासपेठेत टॅक्सचं ऑफिस. त्यांनी प्रोजेक्ट दिला होता: खऱ्या दुकानाची महिन्याभराची बिलं घ्या आणि त्यांवरून जीएसटीचं रिटर्न, म्हणजे सरकारला द्यायचा विक्रीचा तपशील, तयार करा. मी आमच्याच दुकानाची बिलं घेतली. तिथेच अडकले.

आमच्याकडे गिऱ्हाईक जुनी भांडी घेऊन येतं. ती काट्यावर तोलायची, त्यांची किंमत धरायची आणि नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायची. ही मोड. तांब्याची नवी कळशी तीन हजारांची, मोड बाराशेची, गिऱ्हाईक रोख देणार अठराशे. छापील बिलात मोडीसाठी जागाच नव्हती. मुनीमजी ते बाराशे डिस्काउंटच्या रकान्यात टाकायचे. कित्येक वर्षं.

“मुनीमजी, हीच कळशी मोड न देता कुणी घेतली तर?”

“तीन हजार. लहान पोरगंही सांगीन.”

“मग आपण तीन हजारांचीच विकली. डिस्काउंट म्हणजे आपण सोडलेले पैसे. मोडीत आपण काही सोडत नाही. बाराशेचं तांबं आपल्याकडे येतं. टॅक्स तीन हजारांवर बसतो.”

“तांबं सरकारले नेऊन देऊ का मंग?” मुनीमजी हसले. “शेठजी, पाहा! सहा महिन्याचा कोर्स, त्यातले चारच झाले, अन् मले बिल शिकवून राहिली.”

शेठजी हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी फाईल दिली. उभ्याउभ्या त्यांनी चार पानं उलटली.

“हे कॉलेजात दाखवलं?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“काहून काढलं हे? मी धाडलं तुले शिकाले, अन् तू माह्याच दुकानाची धाड घेऊन आली?”

 फाईल त्यांनी गल्ल्याच्या खणात टाकली, चावी फिरवली. “दोन दिवस येऊ नको.”

ते दोन दिवस मी बेसातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत काढले. नवरा म्हणाला, “कशाला बोललीस? दुसऱ्या दुकानाची बिलं घ्यायची होतीस.” ते मलाही सुचलं होतं. पण उद्या दुकानाला टॅक्सची नोटीस आली असती तर? मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हे शेठजींना कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? तरी डब्यातले घरभाड्याचे पैसे मी तीनदा मोजले. नोकरी गेली असती तर दीड महिना पुरले असते.

तिसऱ्या दिवशी शेठजींचा फोन आला. “ये. अन् तुह्या कोर्सचा मोठा कॅल्क्युलेटर घेऊन ये.”

ते स्वतः फाईल घेऊन मॅडमच्या ऑफिसात जाऊन आले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, पोरीचं बरोबर आहे. नोटीस यायच्या आत राहिलेला टॅक्स व्याजासकट स्वतःहून भरा, दंड वाचेल. नंतर उघडकीला आलं तर दंडही बसेल.

आता प्रश्न एकच: मागच्या बिलांतलं खरं डिस्काउंट कोणतं आणि मोड कोणती? बिलावरून कळत नव्हतं. मी डोकं धरून बसले. तेव्हा मुनीमजी माळ्यावर चढले आणि काटावह्यांचा गठ्ठा खाली उतरवला. कुणाची मोड, किती किलो, काय भाव, सगळं तारीखवार. एक वजन चुकलेलं नाही.

“मी चोर नाही,” ते म्हणाले. “बिलात रकानाच नव्हता.”

“माहीत आहे, मुनीमजी. तुमच्या वह्या नसत्या तर आपण बुडालो असतो.”

अकरा दिवस ते वाचत गेले, मी लिहीत गेले. टॅक्स भरला. नवं बिलबुक छापून आलं, त्यात मोडीचा वेगळा रकाना, पूर्ण किमतीवर टॅक्स धरल्यानंतर. शेठजींनी पहिलं बिल माझ्याकडून फाडून घेतलं. त्या महिन्यापासून दुकानाचं रिटर्न मी भरते. मॅडम फक्त नजर टाकतात.

प्रोजेक्टला पन्नासपैकी शेहेचाळीस मिळाले. चार कमी का, ते विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

कोर्स संपल्यावर मॅडमनीच विचारलं, आणि आता दर शनिवारी त्याच कोर्सचं प्रॅक्टिकल मी घेते. फळ्यावर पहिलं गणित कळशीचं असतं. यंदा मुनीमजी आपल्या सुनेला स्वतः सोडायला आले. “हिले नीट शिकवा, मॅडम,” म्हणाले. मला! मी मागे वळून पाहिलं, बोरकर मॅडम आल्या की काय म्हणून.

शिकवायचं ते थोडकंच आहे. आधी पूर्ण किंमत लिहा, टॅक्स धरा, मोड मग वजा करा. आणि बिलात रकाना नसेल तर नवा छापून घ्या. छपाईला फार खर्च येत नाही.